अर्थ न सांगणारे सर

शाळेत रुजू झालो त्या दिवशी शिक्षकखोलीत मला पहिला प्रश्न विचारला गेला तो असा : "हनुवटी आहे ना?"

विचारणारे गृहस्थ खिडकीजवळच्या खुर्चीत बसून तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खात होते. पन्नाशी उलटलेली, अंग काटकुळं, सदऱ्याच्या खिशाला खडूची पांढरी कड. मी गोंधळून म्हटलं, "आहे."

"मग तिच्याखाली हात धर आणि 'युनिव्हर्सिटी' म्हण."

बाकीचे शिक्षक डब्यात मान घालून हसत होते. मी नवा. हनुवटीखाली हात आडवा धरला आणि म्हटलं.

"किती वेळा हाताला लागली?"

मी मोजलं नव्हतं. पुन्हा म्हटलं. "पाच वेळा."

"झालं. पाच तुकडे. जोर कुठे?"

ते मला सांगता येईना. तेव्हा ते भाकरीचा घास हातात तसाच धरून उठले आणि एकेक तुकडा सोडत म्हणाले, "यु. नि. व्हर्. सि. टी." 'व्हर्'ला त्यांच्या टाचा जमिनीपासून दोन बोटं उचलल्या गेल्या आणि 'सि'ला खाली टेकल्या. "तिसऱ्यावर. बी.एड.ला शिकवलं नाही वाटतं." एवढं बोलून ते खुर्ची खिडकीकडे फिरवून बसले. त्यानंतर पंधरा दिवस ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

मी मूळचा मासवणचा. करोनानंतर शाळा पुन्हा भरू लागल्या त्या वर्षी बोईसरजवळच्या या शाळेत मला नोकरी लागली. इंग्रजीचे आम्ही दोघेच, ते नववी-दहावीला आणि मी पाचवी ते आठवीला. त्यामुळे त्यांच्या तासाचा आवाज भिंतीपलीकडून मला रोज ऐकू यायचा. मुलं त्यांना 'तुकडेसर' म्हणायची. हे त्यांना माहीत होतं. एकदा फळ्यावर कुणीतरी तसं लिहून ठेवलं होतं, तर त्यांनी ते पुसलं नाही. शेजारी खडूने '३' लिहिलं, आणि दुसऱ्या तुकड्याखाली जोराची छोटी रेघ ओढून तासाला सुरुवात केली. मराठीत तसा जोर नसतो, असं मी नंतर म्हणालो, तर म्हणाले, "हाक मारताना असतो."

त्यांची पद्धत साधी होती. लांब शब्द फळ्यावर लिहायचा, सगळ्या वर्गाने हनुवटीला हात लावायचा, तुकडे मोजायचे. मग ते मागे हात बांधून उभे राहायचे आणि शब्द म्हणायचे, आणि मुलांनी त्यांच्या तोंडाकडे न बघता टाचांकडे बघायचं. टाच उचलली तिथे जोर. शेवटच्या बाकावरची मुलं त्यासाठी वाकून बाकांखालून बघायची. बाहेरच्या कुणी खिडकीतून पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, पन्नास मुलांच्या दाढा एकदम दुखू लागल्या आहेत आणि सगळी मिळून जमिनीवर पडलेलं काहीतरी शोधताहेत.

पण ती मुलं बोलायची सुरेख. ज्यांच्या घरात इंग्रजीचा कागद म्हणजे फक्त विजेचं बिल, अशी मुलं 'एक्झॅमिनेशन' आणि 'अपॉर्च्युनिटी' अगदी अलगद म्हणायची.

"लांब शब्दाला भ्यायचं नाही," ते सांगायचे. "माझी आई घोळ कापायची. तिच्या कमरेएवढा मासा. पण सुरी कधी हाडावर घातली नाही, सांध्यात घातली. शब्दालाही सांधे असतात." आईचा उल्लेख तेवढाच. वर्गात पुढे कधी नाही.

एक गोष्ट मात्र विचित्र होती. ते अर्थ सांगत नसत.

उच्चार सांगत, तुकडे सांगत, शेवटी 'शन' आला की जोर त्याच्या आधीच्या तुकड्यावर पडतो हे सांगत. पण एखाद्या मुलाने "सर, म्हणजे काय?" असं विचारलं की त्यांचं एकच उत्तर : "कपाटात डिक्शनरी आहे." इंग्रजीच्या शिक्षकाने अर्थ सांगायचा नाही, हे मला आळशीपणाचं वाटलं. मुख्याध्यापकांकडे पालकांनी दोनदा तक्रारही केली होती. मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, निकाल चांगला लागतो. राहू द्या."

नाक्यावर एक चहावाला होता, बनारसकडचा. एमआयडीसीतल्या कामगारांची त्याच्याकडे गर्दी असायची. शाळा सुटल्यावर सर तिथे चहा घेत आणि मीही हळूहळू त्यांच्याबरोबर उभा राहू लागलो. एकदा एक कामगार हातात कागद घेऊन आला. इंग्रजीत टाइप केलेलं पत्र होतं.

"मास्टरजी, ये क्या लिखा है? ये बड़ावाला शब्द?"

सरांनी कागद हातात घेतला. शब्द होता 'डिसकंटिन्युएशन'. त्यांनी त्या माणसाला हनुवटीखाली हात धरायला लावला आणि सहा तुकडे मोजून घेतले. तो बिचारा धुळीने भरलेल्या हाताने हनुवटी धरून, "डिस-कन-टि-न्यु-ए-शन," असं तीनदा म्हणाला. मग विचारलं, "मतलब?"

"मतलब मत पूछो. किसी वकील के पास जाओ. आज ही जाओ."

तो माणूस त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मला राहवलं नाही. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, भाऊ, काम बंद केलंय तुझं. परत वळलो तेव्हा सरांचा चहा तसाच होता आणि ते निघून गेले होते. मला त्यांचा रागच आला होता. एवढं काय कठीण होतं सांगायला?

ते राहायचे पुनर्वसन वसाहतीत. त्यांचं समुद्रकाठचं गाव वीसेक वर्षांपूर्वी एका प्रकल्पात गेलं होतं आणि सगळ्या गावाला आत, रस्त्याच्या या बाजूला घरं मिळाली होती. तिथले लोक वसाहत वगैरे म्हणत नाहीत. "कुठं राहता?" विचारलं की म्हणतात, "पुनर्वसनात." गावाच्या नावासारखं. घरं पक्की, रस्ते सरळ, पाणी नळाला. समुद्र मात्र तिथून दिसत नाही आणि ऐकूही येत नाही.

मी एकदा उत्तरपत्रिका द्यायला त्यांच्या घरी गेलो होतो. संध्याकाळची वेळ. वसाहतीच्या मधल्या कट्ट्यावर बायका-पुरुष बसले होते. मी "सरांचं घर कुठलं?" विचारलं तर एकाने नुसती मान तिकडे वळवली. "मास्तर ना? ते शेवटचं. मागच्या रस्त्यानंच जातो तो." घरात गेलो तर खुर्ची एकच. मी बसलो, मग ते उभेच राहिले. भिंतीवर आईचा फोटो, कोपऱ्यात गॅस, टेबलावर तीन डिक्शनऱ्या. लग्न केलेलं नव्हतं. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाहेर कट्ट्यावर कुणीतरी मोठ्याने हसलं, तसे ते गेले आणि खिडकी लोटून आले.

"आवाज येतो," म्हणाले.

मला वाटलं, आवाजाचा त्रास होत असेल. एकट्या माणसांना होतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो तिच्याकडे येतो.

दरवर्षी नववीच्या पहिल्या तासाला ते फळ्यावर एकच शब्द लिहीत : 'रिहॅबिलिटेशन'. त्यांच्या वर्गातली निम्मी मुलं त्या वसाहतीतली, त्यांना हा शब्द वसाहतीच्या पाटीवर वाचून माहीत. री, ह, बि, लि, टे, शन. सहा तुकडे, जोर पाचव्यावर. संपूर्ण तास त्या एका शब्दावर. मुलं 'टे'ला त्यांच्याबरोबर टाचा उचलायची आणि मधल्या भिंतीवरची धूळ आमच्या वर्गात पडायची. अर्थ याही शब्दाचा सांगत नसत.

माझ्या तिसऱ्या वर्षी पालघरला तालुक्यातल्या इंग्रजी शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. कुणीतरी सरांचं नाव सुचवलं होतं, त्यांनी आपली पद्धत दाखवावी म्हणून. ते नाहीच म्हणत होते. मी मागे लागलो. माझ्या मोटारसायकलवरून त्यांना घेऊन गेलो. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि वाटेत दोनदा विचारलं, "साठ जण असतील ना रे? की जास्त?"

त्यांनी तोच शब्द घेतला. आधी लोक हसले. मग साठ-सत्तर शिक्षक हनुवटीला हात लावून सहा तुकडे मोजू लागले आणि 'टे'ला खुर्च्या वाजू लागल्या. सर रंगात आले होते. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. कान लाल झाले होते. संपल्यावर टाळ्या पडल्या. मार्गदर्शक म्हणून आलेल्या बाई म्हणाल्या, "फारच छान. पण सर, शब्दाचे घटकही सांगा ना. मुलांना अर्थ लागला की स्पेलिंग पाठ करावं लागत नाही."

सर थबकले. खडू या हातातून त्या हातात गेला. मला वाटलं, आता म्हणणार, कपाटात डिक्शनरी आहे. पण टाळ्या नुकत्याच थांबल्या होत्या. त्यांनी फळ्याकडे वळून शब्दाच्या मध्ये एक उभी रेघ मारली.

"री म्हणजे पुन्हा," ते हळू आवाजात म्हणाले. "हॅबि... हॅबिटॅट, हॅबिटेशन, त्यातलं. राहण्याची जागा. म्हणजे पुन्हा घर. जसं होतं तसं."

माझ्या हातात मोबाइल होता. मी सहज शब्द शोधला होता. कशासाठी उभा राहिलो, ते आज नीटसं सांगता येत नाही. हुशारी दाखवायची होती, आणखी काय? नवे लोक समोर होते. मी म्हणालो, "सर, ते हॅबिटॅटमधलं नाही. लॅटिन हॅबिलिस. लायक, समर्थ. म्हणजे पुन्हा लायक करणे. घराशी संबंध नाही."

बाईंनी मान हलवली. "बरोबर आहे. बऱ्याच जणांची ही चूक होते."

सर माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसा चेहरा.

"असं का," ते म्हणाले. "थँक यू." आणि त्यांनी फळा पुसला. कोपऱ्यातली तारीखसुद्धा पुसली.

परत येताना बोईसर यायच्या बरंच आधी त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "इथे उतरव. चालत जातो." पाच-सहा किलोमीटर होतं. मी म्हणालो, "सर, चुकलं माझं, मी तसं सगळ्यांसमोर..." त्यांनी हाताने थांबवलं. "चुकलं तुझं नाही." आणि कंपन्यांच्या गाड्यांच्या धुरातून रस्त्याच्या कडेने चालू लागले.

तीन दिवस ते शाळेत आले नाहीत. चौथ्या दिवशी आले आणि मधल्या सुट्टीत मला प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. तिथे कुणी नव्हतं. त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला.

"ते लॅटिनचं काय म्हणालास ते यावर लिही. मराठीत. मोठ्या अक्षरात."

"कशाला सर?"

मग त्यांनी सांगितलं. गावात तेव्हा बी.ए. झालेले ते एकटे. नोटीस आली तेव्हा मराठीतलीही आली होती, पण बरोबर इंग्रजी कागद होते आणि त्यांच्यावर हा शब्द पानोपानी होता. लोक कागद घेऊन त्यांच्या ओट्यावर आले. मास्तर, हे काय आहे ते फोडून सांग. त्यांनी फोडून सांगितलं. ओट्यावर कोळशाने शब्द लिहिला, तुकडे केले. री म्हणजे पुन्हा. हॅबिटॅट म्हणजे घर. तर आपल्याला पुन्हा घर मिळणार, जसं होतं तसं.

"'जसं होतं तसं' हे कुठेच लिहिलेलं नव्हतं," सर म्हणाले. "ते मी माझ्या पदरचं घातलं. दुसऱ्या दिवशी लोकांनी अंगठे दिले. आईने पण दिला. घरं मिळाली, नाही असं नाही. पक्की मिळाली. पण आई इथे आली आणि रोज सकाळी मला विचारायची, भरती आहे की ओहोटी? तिला आवाजावरून कळायची सवय ना. मी काय सांगणार? मी तिला पेपरात बघून सांगायचो."

मी स्टूल ओढून बसलो.

"वीस वर्षं मला वाटत होतं, शब्द बरोबर वाचला, घडलं वेगळं. तेवढ्यावर कसातरी जगत होतो. आता तू म्हणतोस, वाचलाच चुकीचा." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "घरोघरी जाऊन सांगायला हवं. जे ओट्यावर होते त्यांना. हयात आहेत ते अकरा जण."

मी त्यांना समजावण्याचा खूप प्रयत्न केला. एवढ्या वर्षांनी कोण विचारतंय, शब्दाच्या उगमाचं कुणाला काय, वगैरे. ते ऐकून घेत होते आणि कागदाकडे बोट दाखवत होते. शेवटी मी लिहिलं. आणि लिहिलं म्हणून, रविवारी त्यांच्याबरोबर गेलोही. त्यांना एकट्याला जाऊ देणं मला शक्य नव्हतं.

सकाळी दहाला आम्ही त्यांच्या घरातून निघालो. ते पुढच्या रस्त्याने निघाले, तसं कट्ट्यावरचं बोलणं थांबलं.

पहिल्या घरी त्यांच्याच वयाचा माणूस पायरीवर बसून जाळं विणत होता. समुद्र लांब गेला होता, पण किनाऱ्यावरच्या दांडी गावातल्या एका बोटवाल्याचं जाळं दुरुस्तीला घरी आणत असे. सर उभ्यानेच म्हणाले, "तुला तो शब्द आठवतो? माझ्या ओट्यावर लिहिलेला?"

"कुठला शब्द?"

"नोटिशीतला. मी अर्थ सांगितला होता."

तो माणूस सरांकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. "मास्तर, बरा हायस ना तू?"

दुसऱ्या घरी सून बाहेर आली. सासरे मागच्या चैत्रात गेले, म्हणाली. सरांच्या यादीत ते हयात होते. त्यांनी खिशातून यादी काढली आणि नाव खोडलं. चार घरं सोडून राहणाऱ्या माणसाचा मृत्यू त्यांना वर्षभर कळला नव्हता.

तिसरं घर जानकीकाकीचं. पंच्याहत्तरीच्या पुढची बाई, पण पहाटे रिक्षाने दांडीला जाऊन मासळी आणायची, गच्चीवर सुकवायची आणि बोईसरच्या बाजारात विकायची. ती वर होती. आम्ही जिना चढून गेलो. जुन्या जाळ्यावर मांदेली पसरलेली होती, आणि ती उकिडवी बसून एकेक उलटत होती. सरांना बघून तिने डोक्यावरचा पदर मागे घेतला.

"बाय माजे! तू? माज्या घरी?"

सरांनी कागद उघडला आणि वाचायलाच लागले. "काकी, मी तुम्हाला सांगितलं होतं की या शब्दाचा अर्थ पुन्हा घर. तो तसा नाही. पुन्हा लायक करणे असा आहे. माझं चुकलं. माझ्यामुळे तुम्ही अंगठा दिलात."

काकी ऐकत होती. मग हसायला लागली. दात नव्हते, त्यामुळे हसू फार मोठं दिसलं.

"तुज्यामुळं? अरे खुळ्या, समदा गाव निघाला म्हून आमी निघालो. तू काय वाचलंस ते तुजी आई सोडून कुणी ऐकलं पण नाय. तू पोरगा होतास. कोळशानं काय काय लिवत बसलेला, आमी म्हटलं, शिकलाय, लिवू दे."

सर कागद धरून उभे. ऊन डोक्यावर होतं.

"म्हणजे तुम्हाला... कुणाला आठवत नाही?"

"काय आठवायचं? घर गेलं ते आठवतं. शब्द कोण आठवणार?"

मग तिचं हसू थांबलं. तिने हातातली मांदेली खाली ठेवली.

"एक मला सांग. तुजी आई गेली तवा आमी चार बायका जेवण घेऊन आलो. चूल बंद म्हून. तू दार लोटलंस. का रे?"

सरांनी कागदाची घडी घातली.

"आमी म्हटलं, मास्तर झाला. आता त्याला आमच्या मासळीचा वास नको. तवापासून आमी पण नाय आलो. कशाला जायचं, ज्याला नको त्याच्या दारी?"

"मला वाटलं," सर म्हणाले, आणि तिथे अडकले. पुन्हा सुरुवात केली तेव्हा ते आमच्या शाळेतले सर नव्हते. तीन वर्षांत प्रथमच मी त्यांच्या तोंडी त्यांची घरची बोली ऐकली. "मला वाटलं तुमी जाब विचारायला आलाव. मला वाटलं, समदे माज्यावर रागावले हाय. म्हून मी मागच्या रस्त्यानं..."

"वीस वर्सं?"

त्यांनी मान हलवली.

काकीने हात पदराला पुसले. मी गच्चीच्या कठड्याशी उभा होतो. खाली कुणाच्या तरी घरी भांडी घासल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, आता ही रडेल किंवा याला जवळ घेईल. तसं काही झालं नाही.

"उभा काय राहिलास मग? बस," ती म्हणाली. "ती तिकडची ओळ उलटून घे. खालून ओली हाय."

सर इस्त्रीच्या पँटसकट खाली बसले आणि मांदेली उलटू लागले. थोड्या वेळाने मीही बसलो. उरलेल्या आठ घरी आम्ही गेलो नाही.

ही गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण माणसाची सवय एका सकाळीत सुटत नाही. सर त्यानंतर पुढच्या रस्त्याने येऊ-जाऊ लागले. कट्ट्यावरही बसू लागले. मी दोन-तीनदा पाहिलं. लोक सरकून जागा द्यायचे, चहा द्यायचे, आणि मग गप्पा सुरू झाल्या की सर एका बाजूला हसरा चेहरा करून बसायचे. कोण कुणाला काय म्हणालं, कुणाच्या बोटीचं इंजिन कधी बंद पडलं, कुणाच्या लग्नात जेवण कमी पडलं, यातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. गप्पांत बसायला मागची वीस वर्षं लागतात. ती त्यांच्याकडे नव्हती. अर्ध्या तासाने ते उठायचे आणि "पेपर तपासायचेत" म्हणायचे. सुट्टीतसुद्धा.

मला मात्र चैन पडत नव्हतं. मी डिक्शनरीत आणखी खोल गेलो. एका रात्री मला सापडलं, की 'लायक' वाला हॅबिलिस आणि 'राहणे' वाला शब्द, दोघेही मुळात एकाच जुन्या धातूतून आलेत. धरणे, जवळ असणे, असा त्याचा अर्थ. सकाळी धावतच त्यांच्याकडे गेलो. "सर, तुमचं अगदीच चुकलं नव्हतं! दोन्ही शब्दांचा पणजोबा एकच!"

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पणजोबा एक असला म्हणून घर एक होतं का रे?" म्हणाले. मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "बरं केलंस पण. शोधलंस."

रविवारी मात्र ते न चुकता काकीच्या गच्चीवर असायचे. ती बोलायची, ते उलटायचे. तिच्याकडे वीस वर्षांचं सगळं होतं, आणि ती ते पहिल्यापासून सांगत होती. कोण कधी गेलं, कुणाला काय झालं, कुणाची सून कुठली. ते म्हणायचे, "आता आठव्या वर्षापर्यंत आलोय."

त्याच साली दिवाळीनंतर मला सकाळी त्यांचा फोन आला. "मी दहा दिवस येणार नाही. नववीचे तास तू घे." आवाज नेहमीसारखाच होता. शाळेत गेल्यावर कळलं, जानकीकाकी गेली. पहाटे रिक्षात बसताना पडली ती उठलीच नाही. तिचे दोघे मुलगे गुजरातच्या बोटींवर होते, ते दुसऱ्या दिवशी पोचले. मी भेटायला गेलो तेव्हा सर मांडवात पाण्याचे तांबे भरून देत होते. मला बघून त्यांनी मान हलवली आणि पुढच्या माणसाकडे वळले.

त्यांची रजा मंजूर होण्यात अडचण होती. मुख्याध्यापक मला म्हणाले, "मयत नात्यातली हवी ना. अर्जात त्यांनी नातं लिहिलेलंच नाही. जागा कोरी आहे. मी काय भरू?" मला तरी काय माहीत होतं?

अकराव्या दिवशी सर शाळेत आले. प्रार्थना चालू होती. ते फाटकातून आले आणि मुलांच्या ओळींतून एक कुजबुज वाऱ्यासारखी गेली आणि थांबली. सरांनी डोकं पूर्ण भादरलं होतं. दहाव्याला काकीच्या भावकीतले पुरुष खाडीवर एका ओळीत न्हाव्यासमोर बसले होते. सर त्या ओळीच्या शेवटी जाऊन बसले. कुणी त्यांना ऊठ म्हणालं नाही, हे पहिल्या घरच्या जाळं विणणाऱ्याने मला नंतर सांगितलं.

शिक्षकखोलीत मुख्याध्यापक अर्ज घेऊन आले. सगळ्यांच्या देखत विचारायला त्यांना जड जात होतं, पण कागद वर पाठवायचा होता.

"सर, तेवढं नातं लिहून द्या. कोण होत्या त्या तुमच्या? चुलती? मावशी?"

सरांनी पेन घेतलं. उघड्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. केस नसल्याने ते फारच लहान दिसत होते.

"शेजारीण," ते म्हणाले, आणि त्या कोऱ्या जागेत तेच लिहिलं.